कॅमेऱ्याच्या खोडी: दुकान गाठण्याआधी घरी काय बघाल

गेल्या दिवाळीत भाचीने माळ्यावरच्या पेटीतून माझा जुना, खिशात मावणारा कॅमेरा शोधून काढला. हल्ली कॉलेजच्या पोरांना हे दहा मेगापिक्सेलचे डबे पुन्हा आवडायला लागलेत. बॅटरी चार्ज केली, कार्ड घातलं, आणि पहिल्याच फोटोला पडद्यावर पाटी आली, कार्ड लॉक आहे. "मामा, हा मेलाय," तिने जाहीर केलं. मी कार्ड काढलं, कडेची इवलीशी पट्टी वर सरकवली, परत घातलं. कॅमेरा चालू. पोरगी माझ्याकडे देवऋष्याकडे बघावं तशी बघत होती, आणि मीही तिचा गैरसमज लगेच दूर केला नाही.

कोकणात राहून वीसेक वर्षं कॅमेरे वापरतोय. आळीतले, नात्यातले "बिघडलेले" कॅमेरे फिरत फिरत माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना काहीही झालेलं नसतं. कुठल्यातरी बारक्या स्विचने आत चुकीची खबर दिलेली असते, ती खरी मानून कॅमेरा हटून बसलेला असतो. कार्डाला कुलूप आहे, बॅटरीचं झाकण उघडं आहे, कोणीतरी डोळा लावून बघतंय, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलेलं असतं. ती समजूत काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. माझ्या डब्यात रबरी बल्बचा ब्लोअर, पेन्सिलचं खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, कान साफ करायच्या काड्या, मऊ फडकं आणि सेलोटेप एवढंच असतं.

स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम ठेवलेला नाही. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि बॅटरी काढून ठेवल्यावरही तो चार्ज बराच काळ टिकतो. कॅमेरा बंद आहे म्हणून उघडून बघितला आणि हाताला झणका बसला, असे हौशी लोक मला माहीत आहेत. आपण बाहेरून जेवढं होतं तेवढंच करायचं.

कार्डाच्या तक्रारी

आधी त्या कुलपाबद्दल. एसडी कार्डाचं लेबल आपल्याकडे धरलं की डाव्या कडेला ती पट्टी दिसते. वर, म्हणजे सोनेरी पट्ट्यांच्या टोकाकडे असेल तर कार्ड उघडं, खाली असेल तर बंद. गंमत अशी, की या पट्टीचा कार्डातल्या चिपशी काडीचाही संबंध नाही. पट्टी खाली गेली की कार्डाच्या कडेची एक खाच उघडी पडते, आणि कॅमेऱ्याच्या खोबणीतला बारीक स्विच ती खाच चाचपून ठरवतो. त्यामुळे पट्टी सैल झाली तर कार्ड आत सरकवतानाच ती घासून खाली येते आणि तुम्ही दहा वेळा वर केली तरी अकराव्यांदा पाटी हजर. पट्टी तुटून पडली तर कार्ड कायमचंच बंद.

उपाय म्हणजे खाचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा. पातळ टेप घ्या, कडेशी नीट दाबून बसवा, मागच्या सोनेरी पट्ट्यांवर अजिबात जाऊ देऊ नका. इन्सुलेशन टेप लावू नका. ती जाड असते, कार्ड आत अडकतं आणि मग खरोखरच दुकान गाठावं लागतं. टेप लावलेलं कार्ड मी स्वतः घरच्या फोटोंना वापरतो, कोणाच्या लग्नाला नाही. मायक्रोएसडी कार्डाला अशी पट्टी नसते, पण ज्या अडॅप्टरमध्ये ते घालतो त्याला असते. तिथे टेप लावत बसण्यापेक्षा अडॅप्टर बदला.

कुलूप उघडं आहे आणि तरीही कार्ड वाचता येत नाही म्हणतोय? मग कार्डाची क्षमता बघा. माळ्यावरून उतरलेल्या कॅमेऱ्यांची ही ठरलेली तक्रार. साधी एसडी कार्डं २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यापुढची एसडीएक्ससी. एसडीएचसीचा मानक २००६ साली आला, एसडीएक्ससीचा २००९ साली. त्याआधीच्या कॅमेऱ्याला नवं ६४ जीबीचं कार्ड दिलं तर तो ते ओळखणारच कसा? जुन्या माणसाला जुनीच नोट द्यावी. कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये १ किंवा २ जीबीचं कार्ड पडलेलं असतंच, ते मागून आणा. आणि नवं-जुनं कुठलंही कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. फॉरमॅट केल्यावर आधीचे फोटो जातात, हे सांगायची गरज नसावी, पण मी एकदा बहिणीच्या डोहाळजेवणाचे घालवलेत, म्हणून सांगतो.

याच घरातली आणखी एक विचित्र तक्रार म्हणजे कार्ड रिकामं, तरी फोल्डर बनवता येत नाही. फोटोंच्या फोल्डरना १०० ते ९९९ आणि फोटोंना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक द्यायची पद्धत बहुतेक सगळे कॅमेरे पाळतात. दुसऱ्या कॅमेऱ्यातलं कार्ड घातलं आणि त्यात मोठ्या क्रमांकाचं फोल्डर असलं, तर काही कॅमेरे तिथूनच पुढे मोजायला लागतात, आणि ९९९ मध्ये ९९९९ झाला की पुढे आकडाच उरत नाही. मेनूमध्ये फाइल क्रमांक रीसेट करा, कार्ड फॉरमॅट करा, संपलं.

तारीख दर वेळी मागे जाते

कॅमेरा उघडावा तर दर वेळी तारीख विचारतो, किंवा न विचारताच सगळे फोटो कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीला काढलेले दाखवतो. घड्याळासाठी आत वेगळी छोटी बॅटरी असते, ती संपलेली आहे, इतकंच.

ही बॅटरी दोन प्रकारची असते. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट ए मालिकेतल्या कितीतरी कॅमेऱ्यांत सीआर १२२० हा बटन सेल असतो, तर २०डी सारख्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, सीआर २०१६. बॅटरीच्या झाकणाआड किंवा खोबणीच्या कडेला त्याची छोटी सरकती ट्रे असते. घड्याळवाल्याकडे हे सेल मिळतात, आपले आपण बदलता येतात. दुसरा प्रकार म्हणजे आतच बसवलेला, मुख्य बॅटरीवरून चार्ज होणारा सेल. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये असाच असतो. त्याला बदलायचं नाही, खाऊ घालायचं. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आत घालून कॅमेरा दोन दिवस तसाच ठेवून द्या, मग तारीख लावा. आपली चूक अशी होते, की वर्षभर बॅटरी काढून ठेवलेला कॅमेरा बाहेर काढतो, तारीख लावतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी बॅटरी काढून चार्जरला लावतो. आतल्या सेलच्या पोटात तोवर काहीच गेलेलं नसतं.

घड्याळाचा हट्टच असेल तर एक युक्ती करा. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्या कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा, सेकंद दिसत असतील तर उत्तमच. घरी आल्यावर कॅमेऱ्याची वेळ आणि खरी वेळ यातला फरक त्या एका फोटोवरून कळतो, आणि एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने सगळ्या फोटोंची वेळ तेवढ्याने एकदम पुढे-मागे करता येते. मावसभावाच्या लग्नात दोन कॅमेरे होते, त्यातला एक अमेरिकेहून आलेला, तिकडच्याच वेळेवर चालणारा. अल्बम लावायला बसलो तर आधी सप्तपदी, मग वरात, आणि शेवटी अंतरपाट.

चालूच होत नाही

बॅटरी चार्ज आहे, तरी कॅमेरा ढिम्म. बॅटरीच्या आणि खोबणीतल्या धातूच्या पट्ट्या बघा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर मळकट थर चढतो, डोळ्याला धड दिसतही नाही. बॅटरीच्या पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग अल्कोहोलमध्ये किंचित ओली केलेली काडी. खोबणीत नुसती काडी, खोडरबर नको, त्याचा भुगा आत अडकतो. पॉलिश पेपर तर नकोच, वरचा मुलामा निघून गेला की गंज दुप्पट वेगाने धरतो. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती आत कोंबूही नका आणि चार्जही करू नका.

तरीही ढिम्म असेल तर बॅटरीच्या झाकणाकडे वळा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिमुकला प्लास्टिकचा दात असतो. झाकण लागलं की तो एक स्विच दाबतो, तेव्हा कॅमेऱ्याला कळतं की दार बंद झालं. झाकण शंभरदा उघडून तो दात झिजतो किंवा मोडतो. झाकण बोटाने जरा जास्त दाबून धरा आणि बटण दाबा. चालू झाला तर चोर सापडला. दाताच्या जागी कागदाची घडी करून टेपने चिकटवली की चालतं. माझ्या एका कॅमेऱ्यात एसटीच्या तिकिटाची घडी आजही आहे.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा चार फोटोंत माना टाकत असेल तर आधी सेल कोणते घातलेत ते सांगा. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असले तरी फ्लॅश चार्ज करताना ओढ पडली की त्यांचा दाब खाली बसतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, पण ओढ सहन करतात. तेच घ्या. कॅमेऱ्याने टाकून दिलेले अल्कलाइन सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्महिने चालतात, फेकू नका.

लेन्स बाहेर येऊन अडकते

मे महिन्यात तारकर्ली नाहीतर गणपतीपुळ्याहून लोक परत आले की माझ्याकडे हे येतं. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर, कर्र असा आवाज, आणि लेन्स एरर. नळ्यांच्या मधल्या फटीत वाळूचा एक कण पुरतो.

बॅटरी काढा. कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि ब्लोअरने नळीच्या भोवती सगळीकडून हवा मारा. मग साध्या कागदाची अरुंद पट्टी फटीत हलकेच घालून गोल फिरवा, मधूनमधून पुन्हा हवा. तोंड खालीच ठेवून बॅटरी घाला आणि चालू करा, म्हणजे सुटलेला कण आत न जाता बाहेर पडेल. हे तीनचारदा करावं लागतं. नळी हाताने पिळू किंवा ओढू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडतात. आणि कृपा करून शिवणयंत्राचं तेल घालू नका. एका काकांनी घातलं होतं. लेन्स सुटली, पण फोटो सगळे तुपातून काढल्यासारखे येत होते. माझं यश इथे निम्म्याच वेळचं आहे, तेव्हा फार आशा लावून बसू नका.

डीएसएलआर आणि मिररलेसचे रुसवे

कॅननवर एरर ०१ आला तर लेन्सच्या मागच्या सोनेरी टिकल्या कोरड्या फडक्याने पुसा, लेन्स पुन्हा घट्ट बसवा. निकॉनवर जुनी, अॅपर्चरचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं, कडं असलेली लेन्स लावून एफईई अशी अक्षरं दिसली तर ते कडं सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवून तिथे लॉक करा.

मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, मागचा पडदा काळा पडला असेल तर आधी व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, डोकावून बघा. चित्र तिथे असेल. डोळा जवळ आला की पडदा बंद करणारा एक सेन्सर भिंगाला लागूनच असतो. त्याच्यावर घामाचा, क्रीमचा डाग पडला किंवा गळ्यातला पट्टा समोर आला की त्याला वाटतं, कोणीतरी बघतंय. पुसा, नाहीतर मेनूत जाऊन नुसता पडदाच चालू ठेवा.

आमच्या शेजारी निवृत्त गुरुजी आहेत, पक्ष्यांचे फोटो काढतात. एकदा फार खिन्न होऊन आले. म्हणाले, "आता बंद करतो हे सगळं, कॅमेऱ्यातून धड दिसत नाही, मोतीबिंदू झालेला दिसतोय." मी म्हटलं, "गुरुजी, पक्षी सोडा, खालचे आकडे स्पष्ट दिसतायत का?" तेही पुसट होते. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डोळ्याच्या नंबरासाठी एक छोटं चाक असतं, पिशवीत घासून ते फिरलं होतं. आकडे लख्ख दिसेपर्यंत चाक फिरवायचं, बस. आकडे स्पष्ट आणि समोरचंच पुसट असेल, तर मात्र गडबड फोकसची. गुरुजींनी त्या चाकावर आता टेप लावलीय.

आकाशात ठिपके

फोटो बदलला, लेन्स बदलली, तरी राखाडी ठिपका त्याच जागी. सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या आतल्या चिपवर, धूळ बसलीय. खात्री करायला अॅपर्चर बारीक करून एफ/२२ वर न्या, फोकस अनंतावर, आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. एफ/२.८ च्या मोठ्या भोकाला न दिसणारे ठिपके इथे देवीच्या व्रणांसारखे उठून दिसतील, कारण अॅपर्चर जेवढं बारीक तेवढी धुळीची सावली रेखीव.

आधी कॅमेऱ्याच्या मेनूतली सेन्सर साफ करायची सोय दोनतीनदा वापरा. सेन्सरसमोरची काच थरथरवून धूळ पाडण्याची ही कल्पना ऑलिंपसने २००३ साली ई-१ मध्ये आणली, कॅननच्या ४००डी मध्ये ती २००६ ला आली, आता बहुतेक ठिकाणी असते. तेवढ्याने भागलं नाही तर ब्लोअर. डीएसएलआर असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतून आरसा वर उचला. बॅटरी मधेच संपली तर आरसा खाली येतो, तोही तुमच्या ब्लोअरच्या तोंडावर. कॅमेरा तोंड खाली धरा, नळी आत न घालता दाबा. ठिपका नेमका कुठे शोधायचा? समोरून सेन्सरकडे बघताना डावं-उजवं तसंच राहतं, वर-खाली उलटं होतं. फोटोत वर डावीकडे असेल तर सेन्सरवर खाली डावीकडे.

तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक थेंब धुळीपेक्षा वाईट. डबाबंद हवेचा स्प्रेही नको, त्यातून कधीकधी द्रव बाहेर येऊन काचेवर डाग उमटतो. ब्लोअरला न हलणारा चिकट डाग असेल तर ते काम मी स्वतः करत नाही.

रात्रीच्या फोटोत लाल, निळे, एका टाचणीएवढे झगझगीत टिंब दिसत असेल तर ती धूळ नव्हे, तो सेन्सरचा तापट पिक्सेल. मेनूत पिक्सेल मॅपिंग किंवा पिक्सेल रिफ्रेश शोधा. कॅननवाले लेन्स काढून झाकण लावतात, हाताने सेन्सर साफ करायचा पर्याय अर्धा-एक मिनिट चालू ठेवून कॅमेरा बंद करतात. बऱ्याचदा टिंब जातं.

मंडपातल्या पट्ट्या

गणपतीत हमखास येणारी तक्रार. व्हिडिओत आडव्या काळ्या पट्ट्या सरकतात, फोटो एक पिवळा तर दुसरा हिरवट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की प्रत्येक चित्रात पूर्ण लहरी मावतात आणि पट्ट्या जातात. १/५०० ला लहरीचा तुकडाच हाती लागतो.

शटर बरोबर असूनही पट्ट्या असतील तर कॅमेरा कुठून आणला ते आठवा. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेला कॅमेरा तिकडच्या ६० हर्ट्झवर, एनटीएससी या तिकडच्या व्हिडिओ पद्धतीवर लावलेला असतो. मेनूत पाल ही आपल्याकडची पद्धत किंवा ५० हर्ट्झ करा, व्हिडिओ २५ फ्रेम्सचा होईल. काही कॅमेरे बदल करताना कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला लावतात, तेव्हा आधी फोटो उतरवून घ्या. फोटोंसाठी नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, कॅननने ते २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये आणलं. दिवा प्रखर असताना ते शटर सोडतं. डीजेवाल्यांच्या मोठ्या एलईडी भिंतीपुढे मात्र हे सगळे हिशेब कोलमडतात, तिथली लुकलुक विजेच्या तालावर नसते. शटर थोडं थोडं कमी-जास्त करून नशीब आजमावायचं.

वाफ आणि बुरशी

गोव्यात एसी खोलीतून सकाळी बाहेर पडलात आणि सगळे फोटो धुक्यातले. थंड भिंगावर दमट हवेचं पाणी जमलं. फडक्याने पुसलं तर पुन्हा जमतं, आणि लेन्स काढली तर आतही जमतं. खोलीतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, पिशवीसकट बाहेर न्या, अर्धा तास थांबा. पाणी पिशवीवर जमेल. तेवढ्यात चहा होतो.

बुरशी ही खरी शत्रू. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती आली. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्सच्या द्रावणाने पुसता येते, आतल्या काचेवर असेल तर घरी हात घालू नका. चामड्याच्या सुंदर केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा, साठीच्या पुढे गेला की दाणे बदला. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचे नाहीत. मी नारिंगी वापरतो, ते हिरवे होतात.

माझ्या एका ५० मिमी लेन्सच्या आत अशी जाळी आहे. फोटो अजून बरे येतात, उन्हाकडे तोंड केलं की तेवढे फिके पडतात. तिला वेगळा डबा आहे, बाकीच्यांच्या पंगतीला बसवत नाही. मृगाआधी दोन्ही डब्यांतले दाणे बदलतो आणि तारीख चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवतो. दाण्यांचा फोटो काढून ठेव की, असं भाची म्हणते, पण कॅमेऱ्याच्या तारखेवर माझा भरवसा नाही.